मागितल्याशिवाय न मिळणारी रेघ

पोलादपूरहून उमरठकडे निघालं की पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी दिसते. उमरठ महाराष्ट्राला माहीत आहे ते तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे, आणि ते योग्यच आहे. पण या लेखाला हवी आहे ती गावामागची भिंत, आणि तिच्या माथ्यावर पडणारा पाऊस. तिथे वर महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक थेंब पश्चिमेच्या उतारावर पडला तर तो सावित्रीचा झाला. तेराशे-चौदाशे मीटर खाली येऊन, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत शिरायला त्याला जेमतेम शंभर किलोमीटर पुरतात. हातभर पलीकडे पडलेला थेंब कृष्णेचा. त्याला चौदाशे किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठायचा आहे. दोन थेंबांमधलं अंतर हातभर आणि त्यांच्या शेवटांमधलं अंतर एका देशाएवढं.

या दोघांच्या मधून एक रेघ जाते, तिला जलविभाजक म्हणतात. कातळावर ती कुणी आखलेली नाही. सगळे ओढे दोन्ही बाजूंनी तिच्यापासून दूर पळतात, त्यामुळे पाण्याचा माग काढत फिरणाऱ्याला ती कधी सापडायची नाही. तरीही कुठलं पाणी कुणाचं याचा निकाल तीच लावते.

डिफरन्शियल इक्वेशनच्या, म्हणजे अवकल समीकरणांच्या, चित्रात हीच रेघ असते आणि तिथेही ती अशीच लपलेली असते. ही चित्रं आता संगणकावर चुटकीसरशी निघतात. माझं म्हणणं असं, की चित्रातली सर्वांत मोलाची रेघ सॉफ्टवेअर आपणहून देत नाही. ती मागावी लागते, आणि मागायची कशी हे ज्याला कागदावर कळलेलं नाही त्याच्या हाती नक्षी तेवढी उरते.

डोंगराशी असलेलं हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. केली या इंग्रज गणितज्ञाने १८५९ साली समोच्च रेषा आणि उताराच्या रेषा यांवर निबंध लिहिला आणि १८७० मध्ये विद्युतचुंबकत्वाच्या मॅक्सवेलने डोंगर आणि दऱ्या हाच विषय घेतला. शिखरं, खळगे आणि खिंडी या तीनच प्रकारच्या जागा त्याने मोजल्या. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर शिखरं अधिक खळगे वजा खिंडी केल्यास उत्तर नेहमी १ येतं, बेट कितीही ओबडधोबड असो. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. खिंडीतून उताराच्या दिशेने खाली निघालं की ती पाण्याची वाट, आणि चढाच्या दिशेने वर शिखरापर्यंत गेलेली रेघ म्हणजे जलविभाजक. म्हणजे जलविभाजक शोधायचा तर आधी खिंड शोधा आणि तिथून उलटे, चढणीला लागा. अकरा वर्षांनी, १८८१ पासून, फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारेने हीच नजर कुठल्याही अवकल समीकरणाकडे वळवली, मग त्यात डोंगर असो वा नसो.

प्वांकारेच्या नजरेत नवं काय होतं? तोवर अवकल समीकरण म्हणजे सोडवायची वस्तू होती. उत्तर म्हणून सूत्र मिळालं तर जिंकलं. प्वांकारेने विचारलं, सूत्र मिळत नसेल तर? बहुतेक समीकरणांचं ते मिळतच नाही. मग निदान हे सांगा, की इथून निघालेली स्थिती अखेर कुठे जाते? दोन राशी असतील तर एक आडव्या अक्षावर घ्यायची, दुसरी उभ्या अक्षावर. काळाला अक्षच नाही. पानावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक स्थिती, आणि समीकरण प्रत्येक बिंदूवर एक बाण ठेवतं की आता इकडे सरक. बाणांमागून गेलं की वाटा उमटतात. या सगळ्या वाटांचं मिळून जे चित्र होतं ते फेज पोर्ट्रेट.

आपल्या पदवीच्या वर्गांत या चित्राला दुय्यम जागा असते, पुष्कळदा तीही नसते. एक्झॅक्ट इक्वेशन, इंटिग्रेटिंग फॅक्टर, बर्नूली, क्लेरो अशी वरात निघते. प्रत्येक प्रकाराची एक युक्ती, प्रत्येक युक्तीची दहा उदाहरणं. मुलं ती बिनचूक सोडवतात. पण उत्तरातला तो स्थिरांक 'सी' थोडा बदलला तर गोष्ट बदलते की तशीच राहते, हे विचारा आणि वर्गाचे चेहरे बघा. त्यांचा दोष नाही. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो, कारण तो दहा मार्कांच्या साच्यात बसत नाही.

एक उदाहरण हाताने करून पाहू. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर वरकस जमिनी आहेत. नाचणी-वरी घेऊन दमलेली जमीन पडीक ठेवली की तिथे गवत येतं, नाहीतर रानमोडी हे तण शिरतं. दोघांत जागेसाठी चढाओढ. गवताचं प्रमाण ग, रानमोडीचं र. गवताच्या वाढीचा वेग ग × (४ − ग − २र) आणि रानमोडीचा र × (३ − ग − र) असा धरू. आकडे कुठल्याही शेतात मोजलेले नाहीत. हाताने हिशोब व्हावा म्हणून निवडलेत. पहिल्या कंसातला २ एवढंच म्हणतो, की गवताला स्वतःच्या गर्दीपेक्षा रानमोडीची गर्दी दुपटीने जाचते.

काहीही 'सोडवण्याआधी' दोन सरळ रेषा काढायच्या. ग + २र = ४ या रेषेवर गवताची वाढ थांबते, ग + र = ३ वर रानमोडीची. शाळेतल्या एकसामयिक समीकरणांनी त्या (२, १) वर छेदतात हे कळतं. तिथे दोघं एकमेकांना तोलून धरतात. आणखी तीन जागी सारं स्थिर असतं: काहीच नसताना (०, ०), फक्त गवत असताना (४, ०), फक्त रानमोडी असताना (०, ३). समतोलाचे बिंदू एवढेच. मग प्रत्येकाला जरासा धक्का देऊन बघायचं. धक्क्याचा हिशोब दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा आहे, बारावी झालेल्या कुणालाही झेपेल असा. निष्पन्न होतं ते हे: नुसतं गवत स्थिर आणि नुसती रानमोडीही स्थिर. (२, १) मात्र खिंड आहे. तिथे एका दिशेने स्थिती आत ओढली जाते, साधारण ३.५६ च्या दराने, आणि दुसऱ्या दिशेने बाहेर फेकली जाते, ०.५६ च्या दराने.

आता दोन शेजारी घ्या. एका तुकड्यात ग २.१ आणि र १.०, दुसऱ्यात ग २.१ आणि र १.१. दोन्हींचे बाण काढले तर दोन्ही डावीकडे आणि खाली रोखलेले, म्हणजे दोन्ही तुकड्यांत गवतही घटतंय आणि रानमोडीही. पाहणारा म्हणेल, दोन्हींचं एकच चाललंय. पण पहिल्यात गवत थोडं घटून सावरतं आणि अखेर सगळा तुकडा व्यापतं, तर दुसऱ्यात ते नामशेष होतं. बाण जवळजवळ एकाच दिशेला आणि शेवट परस्परविरुद्ध. त्यांच्या मधून खिंडीत उतरणारी रेघ गेली आहे, तिला गणितात सेपरॅट्रिक्स म्हणतात. बाणांकडे टक लावून ती दिसत नाही.

हेच समीकरण पायथनच्या मॅटप्लॉटलिबला दिलं, 'स्ट्रीमप्लॉट' म्हटलं, की सेकंदात देखणं चित्र येतं. वळणदार रेघा, मधेमधे बाण, हवे ते रंग. पण जवळून पाहिलं तर रेघा अधांतरी तुटलेल्या दिसतात. नवखा विद्यार्थी समजतो, की इथे काहीतरी संपलं. तसं काही नसतं. दोन रेघा फार जवळ आल्या की गर्दी नको म्हणून तो प्रोग्राम त्यातली एक तोडतो, आणि रेघा कुठून सुरू करायच्या हेही तोच ठरवतो. ३.६ या आवृत्तीपासून रेघा न तोडण्याची सोय आली आहे, पण तीही मागायला हवी. सौंदर्यासाठी घेतलेला हा निर्णय गणिताचा म्हणून वाचला जातो. त्या देखण्या चित्रात सेपरॅट्रिक्स असण्याची शक्यता किती? जवळपास शून्य. तिला जाडीच नाही, त्यामुळे वाटेल तिथून सुरू केलेल्या वाटा तिच्या अलीकडून नाहीतर पलीकडून जातात.

बरं, ती कुठे आहे हे सोळाव्या दशांश स्थळापर्यंत ठाऊक असलं आणि तिथूनच वाट सुरू केली, तरी संगणकाच्या आकडेमोडीतली सूक्ष्म चूक ०.५६ च्या दराने वाढत राहते. काळाची साधारण ६५ एककं झाली की वाट खिंडीतून घसरून कुठल्यातरी एका बाजूला गेलेली असते. कुठल्या, ते त्या चुकीच्या चिन्हावर ठरतं. पुढे चालून जलविभाजकावर टिकता येत नाही, मग करायचं तेच जे मॅक्सवेलच्या डोंगरावर करायचं. खिंडीवर उभं राहायचं, आत ओढणाऱ्या दिशेला किंचित सरकायचं (आपल्या उदाहरणात तिचा चढ ०.३९ आहे) आणि काळ उलटा चालवायचा. उलट्या काळात आत ओढणारी दिशा बाहेर फेकणारी होते आणि वाट आपसूक त्या रेघेला चिकटून धावते. एका बाजूने ती थेट (०, ०) ला जाऊन मिळते. दुसऱ्या बाजूने मर्यादित काळातच अनंताकडे पळते. तिथे प्रोग्राम कुरकुरतो, इशारे देतो, कधी मान टाकतो. चौकटीची सीमा आधीच घालून द्यायची, म्हणजे झालं.

आता कुणी म्हणेल, हे सारं करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत की. आहेत. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जॉन पोल्किंग यांनी मॅटलॅबसाठी 'पीप्लेन' लिहिलं, त्यात खिंडबिंदूच्या या वाटा काढायची खास सोय आहे. मॅक्सिमातल्या 'प्लॉटडीएफ'मध्ये वाट पुढे, मागे किंवा दोन्हीकडे न्यायचा पर्याय आहे. पण ती सोय कोण वापरणार? ज्याला खिंड म्हणजे काय ते कळलंय तो. बाकीचा पडद्यावर वीस ठिकाणी टिचक्या मारतो, वीस वाटा उमटतात आणि तो म्हणतो, झालं.

यंत्राची आणखी एक खोड. वर्तुळात फिरणारी स्थिती घ्या: पहिल्या राशीचा वेग म्हणजे दुसरी रास, दुसरीचा वेग म्हणजे उणे पहिली. वाटा हुबेहूब वर्तुळं असायला हव्यात. ऑयलरच्या सोप्या पद्धतीने, ०.१ ची पावलं टाकत हे काढलं तर एका फेरीत साधारण ६३ पावलं पडतात आणि त्रिज्या सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. पडद्यावर वर्तुळाऐवजी उलगडत जाणारं मळसूत्र येतं. न थांबता झुलणारी गोष्ट यंत्राने दिवसेंदिवस भडकणारी करून दाखवली. अर्थात कुणीही शहाणा आज ऑयलरची पद्धत वापरत नाही. पण सुधारित पद्धतींतही चूक असते, फक्त ती हळू चढते आणि म्हणून डोळ्याला पटते. इथे प्वांकारेचं गणित राखणदाराचं काम करतं. बंद फेरीच्या आत समतोलाचा निदान एक बिंदू असायलाच हवा, आणि नुसती एक खिंड आत असून भागत नाही. पडद्यावर रिकाम्या जागेभोवती बंद फेरी दिसली तर ती खोटी, मग सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो. हे तपासायला पेन्सिल पुरते.

म्हणून 'सॉफ्टवेअर आलं, आता हाताने कशाला' हा पक्ष मला पोरकट वाटतो. पण त्याच्या समोरचा पक्षही काही कमी नाही. संगणकाने मुलांची आकडेमोड बिघडते, आधी शंभर गणितं हाताने, मग चित्रं, असं म्हणणारे शिक्षक मुलांना त्या शंभर गणितांच्या पलीकडे कधी नेतच नाहीत. हाताने फेज पोर्ट्रेट काढायचं म्हणजे दुपार जाते, आणि एक संख्या बदलली की पुन्हा दुपार. पन्नास चित्रं बघितल्याशिवाय नजर तयार होत नाही, ती पन्नास चित्रं यंत्रच देऊ शकतं. खर्चाची सबबही आता उरलेली नाही. सायलॅब, मॅक्सिमा, पायथन सारं फुकट आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सायलॅबचे पाठ तयार केले आणि त्या प्रकल्पातले पाठ मराठीसकट अनेक भारतीय भाषांत बोलतात. महाडजवळच लोणेरेला तंत्रशास्त्राचं अख्खं विद्यापीठ आहे. अडचण साधनांची नाही, परीक्षेत काय विचारायचं याची आहे.

आणि सूत्राऐवजी वाटांकडे बघण्याचा हा विचार आपल्याला परका तर अजिबात नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३२ पासून पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १९३३ साली 'मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट' या जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला. दुसऱ्या कोटीच्या समीकरणांच्या वाटांचा सगळा कुटुंबकबिला एकदम घेऊन त्याची भूमिती मांडायची, शेजारच्या वाटा एकमेकींकडे येतात की फाकत जातात ते समीकरणातूनच वाचायचं, असा तो विचार. त्याच नियतकालिकात लगोलग गणितज्ञ एली कार्तान यांनी त्यावर टिपण लिहिलं आणि १९३९ मध्ये गणितज्ञ चर्न यांनी भर घातली. आज जगभर ती कोसंबी-कार्तान-चर्न उपपत्ती म्हणून वापरली जाते. मराठी वाचकाला कोसंबी माहीत असतात ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून. त्यांनी वाटांच्या भूमितीत आपलं नाव कोरून ठेवलंय हे आपल्या गणिताच्या पुस्तकांतही सापडत नाही. पुढे ते ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले तिथेच १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक पूर्ण झाला. आलेख दाखवायला त्याला कॅथोड किरणांचा पडदा जोडलेला होता. म्हणजे अशी चित्रं पडद्यावर उमटवायची सोय मुंबईत साठहून अधिक वर्षांपूर्वी होती. आपण वर्गात अजून क्लेरोचं समीकरणच सोडवतोय.

उमरठच्या मुलुखात राहून या गणिताचा उपयोग काय, हे विचारणाऱ्याला दरडींचं नाव घ्यावंसं वाटेल, आणि मला इथे जपून बोलायचंय. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला आणि सावित्रीने महाड बुडवलं. उतार सरकण्याची गणिती मॉडेलं जरूर आहेत. डीटरिख आणि रुइना यांनी घर्षणाचा जो नियम १९७९ ते ८३ च्या दरम्यान मांडला, तो २००४ मध्ये हेल्मस्टेटर आणि सहकाऱ्यांनी दरडींना लावून पाहिला. त्या मॉडेलमध्ये एकाच उताराला सुरुवातीच्या स्थितीनुसार दोन भवितव्यं असू शकतात: सरकत सरकत मंदावणं, किंवा वेग वाढत जाऊन कोसळणं. मधे पुन्हा तीच रेघ. पण त्यावरून लॅपटॉपवर चित्र काढून गावाला सावध करता येईल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ते चित्र काढायला त्या विशिष्ट उताराच्या हालचालीची सलग मोजणी हवी. ती नसेल तर चित्र म्हणजे रंगीत तर्क. शिवाय पाऊस चालू असताना समीकरणातल्या संख्याच तासातासाला बदलत असतात, म्हणजे रेघ जागेवर उभी नसते.

रेघ सरकते, हाच भाग मला सर्वांत जास्त शिकवावासा वाटतो, आणि इथे यंत्राला तोड नाही. जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये गवत-रानमोडीचं तेच समीकरण भरा, दुसऱ्या कंसातल्या ३ च्या जागी सरकपट्टी ठेवा आणि ती ३ पासून ४ कडे न्या. रानमोडीला अनुकूल हवामान येतंय असं समजा. खिंडबिंदू (२, १) वरून निघतो आणि ग + २र = ४ या रेषेवरून सरळ खाली (४, ०) कडे चालू लागतो. पट्टी ३.९ वर असताना तो (३.८, ०.१) वर पोचलेला असतो. शेतात पाहणाऱ्याला या सगळ्या काळात काहीही वेगळं दिसत नाही. गवत पूर्वीइतकंच, पुरं ४. दरवर्षी पाहणी करणारा वहीत 'गवत उत्तम' असंच लिहील, आणि ते खरंही असेल. पण सुरुवातीला रानमोडीचा बऱ्यापैकी मोठा हल्लाही गवत परतवून लावत होतं. आता त्याच भरल्या गवतात रानमोडी ०.१ च्या जरा वर गेली तरी शेत तिचं. ४ वर पोचल्यावर एक रोपही पुरेल.

वहीत नोंदवता येईल अशी एकच गोष्ट या काळात बदलत असते. कोपऱ्यात थोडी रानमोडी शिरली, तर ती नाहीशी व्हायला किती वेळ लागतो? पट्टी ३ वर असताना ती १ या दराने हटते, ३.९ वर असताना ०.१ ने, म्हणजे दहापट सावकाश. किती गवत आहे हे मोजून ही गोष्ट कळत नाही, रानमोडी शिरल्यावर ते सावरायला किती दिवस घेतं हे मोजावं लागतं.